माग आणि शिक्का

दोस्तांनो, एक उतारा देतो. चारच ओळींचा आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी पोरांचा वर्ग भरतो. तिथं फळ्यावर मी तो लिहिला होता :

'सखू दिवस उगवायलाच घागर घेऊन विहिरीवर आली. बायका येत होत्या, पाणी भरून जात होत्या. ऊन डोक्यावर आलं. सखूची घागर कोरडीच होती.'

खाली प्रश्न लिहिला : सखूची घागर कोरडी का राहिली?

वीस-बावीस पोरं होती, सातवी ते नववीची. नववीतला एक पोरगा शाळेत पहिल्या पाचांत येणारा. त्यानं उतारा दोनदा वाचला, वही मिटली आणि म्हणाला, "सर, उत्तर उताऱ्यात नाही. प्रश्न चुकलाय." दुसरा म्हणाला, विहीर आटली असंल. तिसरा म्हणाला, घागर गळकी असंल. मागं भिंतीला टेकून सातवीतली एक पोरगी बसली होती. हिला वाचता येत नाही, असं तिच्या शाळेनं ठरवून टाकलेलं. ती हळूच बोलली, "विहीर कशी आटंल? बाकीच्या बाया भरून चालल्यात की. आन् गळकी घागर कोरडी नसती, वली असती. तिला कुणी पाणी वाढंना."

वर्ग गप्प झाला. मी विचारलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "आजी सांगती ना. लांब हुभं ऱ्हायाचं. कुणाला दया आली तर वरनं वाढायचे."

उताऱ्यात जात हा शब्द नाही. अस्पृश्य हा शब्द नाही. कुणी कुणाला हाकललं असंही नाही. पण पोरीनं दोन ओळींतली खूण पकडली, तिला आजीकडून आलेली माहिती जोडली, आणि न लिहिलेल्या गोष्टीपर्यंत जाऊन पोचली. याला अनुमान म्हणतात. ज्याला वाचता येत नाही असं शाळा म्हणते, त्याला वाचता येत होतं. आणि ज्याला येतं असं शाळा म्हणते, तो दारातच थांबला होता.

त्या हुशार पोराला मी दोष देत नाही. नऊ वर्षं त्याला शिकवलंय काय? रिकाम्या जागा भरा. जोड्या जुळवा. 'असे कोण कोणास म्हणाले?' प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्याच्या मागंपुढं असलेली ओळ उचलायची आणि उत्तरपत्रिकेत नेऊन ठेवायची. मार्क मिळतात. गाइड घेतलं तर हुडकायचेही कष्ट नाहीत. जे लिहिलंय तेवढंच खरं, जे लिहिलं नाही ते नाहीच, हा या शिक्षणाचा सिद्धान्त आहे. आता विचार करा, आपल्या बाजूनं आजवर लिहिलंय किती? शिलालेखात आपण नाही. बखरीत आपण नाही. असलोच तर शिवीत आहोत, नाहीतर कुणाच्या तरी सेवेत. मग लिहिलेलं तेवढंच खरं धरणाऱ्या पोराच्या दृष्टीनं त्याचा बाप, आजा, पणजा हे कधी जगलेच नाहीत.

म्हणून वाचायला कसं शिकवावं हा प्रश्न मी नुसत्या शाळामास्तरांवर सोडायला तयार नाही. तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. तो नीती-अनीतीचाही प्रश्न आहे, आणि ते कसं हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

पण आधी त्याच पोरीची दुसरी हकिगत ऐका. पुढच्या रविवारी मी शाळेच्या पुस्तकात असतो तसला उतारा दिला. 'आईने देवापाशी निरांजन लावले. मुले परवचा म्हणू लागली. बाबा अजून आले नव्हते.' प्रश्न असा की, हा प्रसंग दिवसाच्या कोणत्या वेळचा? मागच्या आठवड्यात सगळ्यांना मागं टाकणारी पोरगी गप्प. मी म्हटलं, काय झालं गं? ती म्हणाली, "सर, परवचा म्हंजे काय?"

डोकं तेच होतं. पोरगी तीच होती. आठवड्यात तिची बुद्धी कमी झाली नव्हती. तिच्या घरात निरांजन नाही, दिवेलागणीला पाढे आणि श्लोक म्हणायची रीत नाही. उतारा लिहिणाऱ्यानं धरून चालला होता की सगळ्यांची घरं आपल्यासारखीच असतात. न लिहिलेलं कळायला लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची काहीतरी सामाईक माहिती लागते. ती नसली की वाचणारा अडतो, आणि बाहेरचा माणूस म्हणतो, याला अक्कल नाही. 1988 साली अमेरिकेत रेख्त आणि लेस्ली या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बेसबॉलच्या खेळावरचा उतारा त्यांनी शाळेतल्या मुलांना दिला. वाचनात कच्ची गणलेली पण खेळाची माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळातलं काही न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढं गेली. त्यांनी बेसबॉलवर जे दाखवलं ते आमच्या विहारात दोन रविवारांत घागरीवर आणि परवच्यावर दिसलं.

यातून दोन कामं निघतात. पोराच्या घरातली माहिती ही माहिती आहे, हे त्याला पटवायचं. आणि दुसऱ्याच्या घरातली माहिती त्याला मिळवून द्यायची. परवचा काय असतो ते सांगायचं. लाजायचं नाही, नाक मुरडायचं नाही. वैऱ्याचा वाडा आतून ठाऊक असलेला बरा.

आता माझ्या आज्याची गोष्ट सांगतो. आजा निरक्षर. गावकीत होता, येसकरपाळी करायचा. गावात चोरी झाली की माग काढायचं काम त्याच्याकडं. धुळीत उमटलेलं पाऊल बघायचं, टाच खोल की चवडा खोल ते बघायचं, मोडलेलं गवत बघायचं आणि जो माणूस डोळ्यांनी दिसला नाही त्याच्या मागं जायचं. एल्फिन्स्टननं 1819 साली पेशव्याकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदारांच्या या कामाचं वर्णन सापडतं. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेला की पुढची जबाबदारी त्या गावची. ही काही अभिमानानं मिरवायची गोष्ट नाही. ती वेठ होती. महारकीचं ते वतन 1958 च्या कायद्यानं गेलं, ते बरंच झालं. पण त्या वेठीत आज्यानं एक शहाणपण कमावलं होतं. तो म्हणायचा, "पाऊल हाय तंवर जायाचं. पाऊल सरलं की थांबायचं. आपल्या मनातला माणूस धरायचा न्हाई."

आज्याच्या या तीन वाक्यांत वाचायचं शास्त्र आहे. पहिलं वाक्य धीटपणाचं. जिथवर खूण आहे तिथवर जा, पाटलाच्या वाड्याच्या दारापर्यंत माग गेला तरी जा. दुसरं वाक्य संयमाचं. तिसरं वाक्य न्यायाचं. कारण माग चुकला तर फटके खाणारा कुणीतरी खरा माणूस असतो.

या तिसऱ्या वाक्याच्या उलटं जे आहे त्याला मी शिक्का म्हणतो. माग पावलाकडून माणसाकडं जातो. शिक्का आधी माणूस ठरवतो आणि मग पाऊल शोधायला निघतो. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून 31 ऑगस्ट 1952 ला पुसला. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्याच्या पालावर जाते, पाऊल नंतर बघितलं जातं. हेही अनुमानच आहे की! 'हा पारधी आहे, म्हणून यानं चोरी केली असणार.' वाक्यात 'म्हणून' आहे, 'असणार' आहे. सगळा थाट तर्काचा आहे आणि आत जातीचं विष आहे. आपल्यालाही हा अनुभव आहे. नव्या गावात खोली बघायला गेलो की घरमालक नाव विचारतो, मग आडनाव, मग मूळ गाव. एवढ्यावरून तो आपलं सगळं वाचून काढतो आणि खोली कालच दिली म्हणतो. हाही वाचतोच आहे. ओळीमधलं वाचतो आहे.

तेव्हा अनुमान ही चीज आपोआप चांगली नाही. न लिहिलेलं ओळखता येणं ही शक्ती आहे. तिनं घागरीचं दुःखही कळतं आणि पारध्याचं पाठाडही फुटतं. म्हणून मी म्हणालो, हा नीतीचा प्रश्न आहे. पोराला शक्ती द्यायची तर तिचा लगामही त्याच वेळी हातात द्यावा लागतो.

हा लगाम आपल्याच परंपरेत आहे. धुरावरून अग्नी ओळखायचा, हे अनुमानाचं जुनं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. नैयायिक ज्ञानाची चार साधनं मानत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे अधिकारी पुरुषाचं वचन, त्यातच वेद. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी दिङ्नाग या बौद्ध पंडितानं यातली दोनच ठेवली, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्द हे वेगळं प्रमाण नाहीच, असं तो म्हणाला. शब्दावरून आपल्याला जे कळतं तेही अनुमानानंच कळतं. दोस्तांनो, याचा अर्थ नीट बघा. ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं, ही वाटच बंद झाली. कुठलंही वाक्य समोर आलं की त्याला धुरासारखं वागवायचं. हा धूर कशाचा, कुठून निघाला, हे विचारायचं. वाचणं म्हणजेच अनुमान, हे दिङ्नागानं तेव्हाच सांगून ठेवलंय.

आणि खूण खरी कधी धरायची याच्या तीन कसोट्याही त्यानं दिल्या. मी पोरांना त्या अशा सांगतो. पहिली, डोंगरावर खरंच धूर आहे का, की सकाळचं धुकं आहे? दुसरी, जिथं आग असते तिथं असा धूर बघितलाय का? बघितलाय, चुलीत. तिसरी, जिथं आग असूच शकत नाही तिथं असा धूर कधी दिसतो का? तळ्यात दिसतो का? दिसत असेल तर खूण कच्ची, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. पारध्याचं अनुमान या तिसऱ्या कसोटीला मरतं. कारण चोरी न करणारे पारधी पोत्यानं आहेत आणि चोरी करणारे बिगरपारधी त्याहून जास्त आहेत. सखूची घागर मात्र तिन्ही कसोट्यांना उतरते.

आपल्या दोन्ही बापांनी हाच माग काढला. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली. पुराणात बळी हा असुर, त्याला वामनानं पाताळात घातला आणि जग सुखी झालं. आता बळी इतका वाईट होता, तर आमच्या बाया सणाला ओवाळताना इडापिडा जावो आणि बळीचं राज्य येवो असं का म्हणतात? बामणाच्या पोथीत एक आणि कुणब्याच्या उंबऱ्यावर दुसरं. या दोन खुणा एकमेकींशी जुळत नाहीत, तिथं जोतीरावांनी बोट ठेवलं. खंडोबा, म्हसोबा या नावांचीही त्यांनी फोड केली. त्यातली प्रत्येक फोड आजच्या भाषाशास्त्रात टिकेल असं नाही. पण जिंकणाऱ्यानं लिहिलेल्या गोष्टीत हरलेल्याचं पाऊल शोधायचं, ही वाट त्यांनी पाडून दिली.

बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ काढला. अस्पृश्यता कुठून आली? सरळ पुरावा कुठंच नाही. कोण लिहून ठेवणार? तर त्यांनी काय केलं? आपण गावाबाहेर का, हा प्रश्न घेतला. अस्पृश्य होतो म्हणून बाहेर घातलं, की आधीपासूनच बाहेर होतो? आयर्लंड आणि वेल्समधल्या, टोळ्या फुटून परक्यांच्या कडेला राहिलेल्या माणसांशी ताडून बघितलं. स्मृतींतले शब्द तपासले. चिनी प्रवाशांनी काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही ते तपासलं. गाईच्या मांसाचा प्रश्न आणि बौद्धांचा द्वेष या दोन खुणा जोडल्या, आणि अस्पृश्यतेचा उगम इसवी सनाच्या 400 च्या आसपास असावा इथवर आले. प्रस्तावनेत ते आपलं काम पडक्या दगडांवरून नगर उभं करणाऱ्या, विखुरलेल्या हाडांवरून नामशेष प्राणी ओळखणाऱ्या संशोधकाच्या कामाशी ताडतात. आणि तिथंच स्पष्ट करतात की माझा सिद्धान्त शेवटचा शब्द आहे असा माझा दावा नाही. एवढा मोठा माणूस, आणि पाऊल सरलं तिथं थांबून सांगतो की इथवर आलोय, पुढं तुम्ही बघा. माझ्या आज्याच्या शिवेसारखं.

आता वर्गात हे कसं उतरवायचं? एकलव्याची गोष्ट घ्या. गोष्ट सांगून झाली की प्रश्न ठरलेला, 'यातून एकलव्याचा कोणता गुण दिसतो?' उत्तर ठरलेलं, गुरुभक्ती. मी पोरांना म्हटलं, गुण राहू द्या, माग काढा. एकानं विचारलं, द्रोणानं शिकवलंच नाही तर दक्षिणा कशाची? दुसरा म्हणाला, अंगठाच का? धन का मागितलं नाही, गाय का नाही? तिसरा म्हणाला, आन् उजव्याच हाताचा का? मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की मागणाऱ्याला दक्षिणा नको होती, बाण थांबायला हवा होता. मी म्हटलं, हे तुमच्या मनातलं की गोष्टीतलं? तपासून बघू. मग आम्ही मूळ महाभारतातलं आदिपर्व बघितलं. तिथं उघड लिहिलंय की निषादाचा पोर म्हणून द्रोणानं आधी त्याला नाकारलं होतं. अर्जुनानं द्रोणाला आठवण करून दिली की, माझ्याहून वरचढ शिष्य होणार नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. आणि अंगठा गेल्यावर एकलव्याच्या बाणाचा वेग पहिल्यासारखा राहिला नाही, अर्जुनाची काळजी मिटली. पोरांचा माग अचूक निघाला. जो भाग पोरांच्या हातात पडणाऱ्या गोष्टीतून गळतो, तोच त्यांनी शोधून काढला होता. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पहिला नंबर आलेल्या पोरांच्या चेहऱ्यावरही बघितलं नाही.

मोठ्या पोरांना वर्तमानपत्र द्या. 'दोन गटांत हाणामारी.' गट कुठले? दवाखान्यात गेले ते कुठल्या गटाचे? घरं जळाली ती गावाच्या कुठल्या अंगाची? 'जमावाने' हा शब्द आला की विचारायचं, जमावाला नावं नसतात का? खैरलांजीचंच घ्या. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावाच्या जमावानं मारली. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटीचं कलम लागलं नाही. 2010 साली उच्च न्यायालयानंही ते लावलं नाही. सुरेखाबाईंनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती, त्याचा हा सूड, असं धरलं गेलं. आता इथं पोरांना अनुमान करायला लावा. सूड हे कारण खोटं आहे असं आपण म्हणायचं नाही. त्याला पाऊल आहे. पण त्या कारणानं कुठवर कळतं? त्याच दिवशी का, हे कळतं. एका बाईच्या साक्षीचा सूड तिच्या पोरांवर, अख्ख्या घरावर घ्यायला गावाचा जमाव धजला कसा, हे कळत नाही. हाच सूड गावातल्या एखाद्या बड्या घराच्या बाबतीत असा घेतला गेला असता का? तिसरी कसोटी लावा. माग मध्येच सोडून देणं हीही चूकच, मनातला माणूस धरण्याएवढीच.

इथवर तुम्ही माना डोलावल्या असतील. बामणाची पोथी, पाटलाचा वाडा, पेपरवाल्याची बातमी यांचा माग काढायला आपल्याला आवडतं. आता कठीण भाग सांगतो, तो माझ्यावरच आलेला.

आमच्या मंडळाचा जयंतीचा अहवाल मीच लिहिला होता. सकाळी ध्वजवंदन, मग मिरवणूक, दुपारी पाचशे जणांनी भोजनाचा लाभ घेतला, संध्याकाळी व्याख्यान, रात्री कार्यकर्त्यांचा सत्कार. चौदा नावं. वर्गात वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून तोच दिला आणि म्हटलं, करा प्रश्न. घागरवाली पोरगी म्हणाली, "पाचशे माणसांचा स्वैपाक कुणी केला?"

मी म्हणालो, "बायांनी केला, आणखी कुणी?"

"मग सत्कारात त्यांची नावं न्हाईत."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. मी म्हणालो, "हे तुला कुणी शिकवलं?"

ती म्हणाली, "कुणी न्हाई. लिवलंय की, जेवले म्हणून."

दोस्तांनो, 'हे तुला कुणी शिकवलं' या वाक्याचा माग काढा. मी तिचा पुरावा बघितला नाही. ती पोरगी आहे, लहान आहे, तेव्हा हे हिच्या डोक्यातलं नसणार, कुणीतरी भरवलेलं असणार, असं मी ठरवून टाकलं. मी शिक्का मारला. आपल्या हुशार पोराला 'हे तू कुठून चोरलंस' असं विचारणारा मास्तर मी आयुष्यभर शिव्या देत आलो, आणि तो माझ्याच तोंडातून बोलला.

रात्री बायकोला विचारलं, जयंतीच्या स्वैपाकाला कोण कोण होतं? तिनं अकरा नावं सांगितली. त्यातल्या चार बाया मला नावानं ठाऊक नव्हत्या, अमक्याची आई, तमक्याची सून एवढंच ठाऊक. स्वैपाक पहाटे तीनला सुरू झाला होता. व्याख्यान झालं स्त्रीमुक्ती आणि बाबासाहेब या विषयावर, तेव्हा त्या भांडी घासत होत्या. पुढल्या वर्षीच्या अहवालात मी अकरा नावं छापली. एका जुन्या कार्यकर्त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणाला, तू घरातली भांडणं चव्हाट्यावर आणतोस. भांडण कुणी केलं होतं? पोरीनं फक्त एक ओळ वाचली होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, आंबेडकरी चळवळीतल्या बायांचा शोध घेऊन. त्याच्याही मुळाशी हाच प्रश्न आहे. सभा झाली, सत्याग्रह झाला, मग बाया कुठं होत्या? ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. माझ्याच अहवालाला तो प्रश्न लावावा, हे मला सुचलं नव्हतं.

तेव्हा नीतीचा प्रश्न असा आहे. पोराला दुसऱ्याच्या ग्रंथाचा माग काढायला शिकवायचं आणि आपल्या ग्रंथाशी आलं की डोळे मिटायला सांगायचं, हे चालेल का? माझं उत्तर, चालणार नाही. एकतर ते जमतच नाही. एकदा नजर आली की ती दोन्हीकडं बघते. आणि जमलं तरी ते पाप आहे, कारण मग आपण त्याला वाचायला शिकवलंच नाही, फक्त मालक बदलून दिला. बाबासाहेबांच्या नावानं मोबाईलवर रोज काहीबाही फिरतं. त्यांनी कधी न म्हटलेली वाक्यं त्यांच्या फोटोखाली येतात आणि आपण जयभीम म्हणून पुढं पाठवतो. कशावरून, कुठल्या भाषणात, कुठल्या साली, हे विचारणारा आपल्यातलाच पोरगा आपल्याला आगाऊ वाटतो. ज्या माणसानं आयुष्यभर कशावरून एवढंच विचारलं, त्याच्याच नावावर कशावरूनला बंदी!

बुद्धानं कालामांना सांगितलं ते आपण भिंतीवर रंगवतो : परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. पण त्याच सुत्तात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण रंगवत नाही. नुसत्या तर्काच्या, नुसत्या अनुमानाच्या जोरावरही मानू नका, असं तिथं आहे. स्वतः पारखा, त्यातून माणसाचं भलं होतं की वाईट ते बघा. म्हणजे आपलं स्वतःचं अनुमान, आपल्याला गोड वाटणारं, तेही कसोटीला लावायचं. शेवटी मीसुद्धा माझ्या अनुमानाला उठून बायकोला विचारायलाच गेलो की.

मी आता वर्गात चार प्रश्न फळ्यावर कायमचे लिहून ठेवलेत. काय लिहिलंय? काय लिहिलं नाही? कशावरून म्हणतोस, ओळीवर बोट ठेव. आणि चौथा, कुठली ओळ सापडली तर तुझं म्हणणं मागं घेशील? पहिल्या प्रश्नानं पोरगं थापा मारायचं थांबतं. दुसऱ्यानं धीट होतं. तिसऱ्यानं न्यायाचं होतं. चौथा सगळ्यात अवघड, तो पोरांपेक्षा मलाच जास्त छळतो. पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. विहारातला फळा पुरतो, जुना पेपर पुरतो, मंडळाचा अहवालही पुरतो. तुमच्या वस्तीत सुरू करा. पहिला उतारा सखूचा घ्या, दुसरा तुमच्याच पत्रकाचा घ्या. दुसरा घेतल्याशिवाय पहिला घेऊ नका.

नववीतला तो हुशार पोरगा आता अकरावीला आहे. परवा आला आणि सखूचा उतारा पुन्हा काढून बसला. म्हणाला, "सर, एक राहिलंच. सखू दिवसभर थांबली, गेली का नाही? दुसरी विहीर असती तर गेली असती. म्हंजे दुसरी विहीर नव्हती." मी म्हटलं, कशावरून? तो थांबला. उतारा परत वाचला. म्हणाला, "न्हाई, एवढ्यावरून तसं म्हणता येत न्हाई. दुसऱ्या विहिरीवरही कुणी वाढत नसंल."

पाऊल सरलं तिथं पोरगा थांबला. आजा असता तर त्याच्या पाठीवर हात ठेवला असता.

जयभीम.